वारस दाखल्याची कुळकथा

पुण्यात शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात मृताच्या मिळकतीची वहिवाट आपल्याकडे यावी म्हणून वारस जो अर्ज करतो, त्याला आधार असतो तो १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनाचा. म्हणजे तो करणारी ईस्ट इंडिया कंपनी आणि तिच्यामागून आलेले साम्राज्य या दोहोंपैकी कोणीही आज वाली उरलेला नाही, अशा कायद्याचा.

१८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपली, तेव्हा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने येथल्या पंचायती व रूढी एकदम मोडल्या नाहीत. पुढे मुंबईचा गव्हर्नर असता १८२७ साली त्याने नियमसंहिता जारी केली आणि तिच्यातल्याच एकोणतिसाव्या रेग्युलेशनाने ती दख्खन व खानदेशास लागू झाली. आठव्या रेग्युलेशनाने वारसाच्या मान्यतेची रीत घालून दिली: अर्ज, जाहीरनामा, हरकतींसाठी एक महिन्याची मुदत आणि मग दाखला. या दाखल्याने मालकी मिळत नाही. तूर्त व्यवस्था कोणी पाहावी, एवढेच ठरते.

१८५८ साली कंपनी सरकार गेले, रेग्युलेशन राहिले. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्याने जुने कायदे तसेच चालू ठेवले. आणि ज्या संविधानाने आपल्या ३९५ व्या अनुच्छेदान्वये ब्रिटिश पार्लमेंटचा तो कायदाच रद्द केला, त्याच संविधानाने ३७२ व्या अनुच्छेदान्वये पूर्वीच्या कायद्यांस, सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत, अभय दिले. युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडलेल्या ब्रिटनलाही संघाचे कायदे आपलेसे करून ठेवण्यासाठी २०१८ सालीच असा कायदा करावा लागला होता, कारण जुना कायदा एका दिवसात उठवला तर न्यायाधीशाने कशाच्या आधारे निवाडा द्यावा, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या उत्साहाने सुटत नाही.

परंतु वारशात मत्तेबरोबर कर्जही येते. याच संहितेतल्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखाली १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले होते. म्हणूनच संविधानाने तेराव्या अनुच्छेदात, मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा जुना कायदा शून्य ठरेल, अशी मर्यादा घातली.

सार्वभौमत्वाने कायदा बदलण्याचा अधिकार हाती येतो. तो अधिकार कोणी वापरीपर्यंत जुना कायदाच चालतो, आणि आठवे रेग्युलेशन महाराष्ट्रात आजही अमलात आहे.