‘सिताना’ ते ‘सरडा’ : बाह्य लक्षणांवरून जातिनिश्चितीचा एक इतिहास

प्रस्तावना :
मालवण किनाऱ्यामागील जांभ्याचे सडे उन्हाळ्यात वाळवंटासारखे रखरखीत होतात. अशा उघड्या भूमीवरील सरड्याची जात केवळ रंगावरून ठरविण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. ही पद्धत कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक आढावा :
गळ्याशी पंख्यासारखा उलगडणारा पडदा असलेल्या सरड्यांसाठी कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये ‘सिताना’ ही प्रजाती स्थापिली. नमुना पुदुच्चेरीचा होता. १८७० मध्ये मद्रास सेवेतील वैद्य थॉमस जर्डन यांनी दख्खनी जात वेगळी नोंदविली. परंतु पुढील अभ्यासकांनी ती मूळ जातीतच विलीन केली. माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या ग्रंथातही भारतातील जात एकच मानली गेली. २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी व सहकाऱ्यांनी शरीररचना आणि जनुकीय पुरावा एकत्र तपासून एक नवी प्रजाती व पाच नव्या जाती वर्णिल्या. नव्या प्रजातीस ‘सरडा’ हा मराठी शब्दच नाव म्हणून मिळाला आणि जर्डन यांची जात तीत पुनःस्थापित झाली.

लक्षणांची विश्वसनीयता :
या गटातील सरड्यांच्या मागील पायास चारच बोटे असतात. बागेतील नेहमीच्या सरड्यास पाच. हे लक्षण ऋतुमानाने बदलत नाही. गळ्याचा रंगीत पडदा मात्र नराचा. मादी व पिल्ले त्यावरून ओळखता येत नाहीत. शिवाय रंग परिस्थितीसापेक्ष असतो. साताऱ्याजवळील चाळकेवाडी पठारावरील ‘सरडा सुपर्बा’ या जातीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी व सरडे अधिक आढळले. तेथील नरांचे रंग तुलनेने फिके होते. जात एकच असूनही रंगात फरक पडला.

निष्कर्ष :
बोटांची संख्या, खवल्यांची मांडणी, शरीराची मापे, लिंग, स्थळ व दिनांक यांची नोंद प्रथम करावी; रंग त्यानंतर. पडीक म्हणून गणल्या जाणाऱ्या सड्यांवर बांधकाम होण्यापूर्वी तेथे कोणते जीव होते, हे सांगू शकणारा पुरावा बहुधा अशा नोंदींचाच असेल. जर्डन यांचे निरीक्षण जवळजवळ दीड शतकाने मान्य झाले, ते लिखित वर्णन शिल्लक होते म्हणून. आपल्या महाविद्यालयांनीही सड्यांचे असे लिखित वर्णन मागे ठेवावे.