पिंपरी कॅम्प : छावणीची पेठ झाली त्याची कथा

पिंपरीच्या बाजारपेठेस जुनी माणसे आजही 'कॅम्प' म्हणतात. या एका शब्दात मोठा इतिहास दडलेला आहे.

1947 च्या फाळणीत पंजाब व बंगाल यांची वाटणी झाली. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. सिंधी बांधवांना आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि स्थलांतराचा ओघ वाढला. अनेक कुटुंबे जहाजाने मुंबईस उतरली व कल्याण, पिंपरी आदी ठिकाणच्या छावण्यांत आली. कल्याणच्या छावणीचे 1949 साली उल्हासनगर झाले. पिंपरी तेव्हा लहानसे खेडे होते.

शासनाने निवारा दिला. संसाराची घडी बसविली ती माणसांच्या नात्यांनी. जवळ भांडवल नव्हते, परंतु नातलगांच्या शब्दावर माल उधार मिळे. अल्प नफा व मोठा उठाव ही त्यांची रीत होती. आमच्या कापड व्यवसायातील काहींनी 'भाव पाडणारे' म्हणून त्यांच्याविषयी नाके मुरडली, असे माझे वडील खेदाने सांगत. पुढे त्यांनीच एका सिंधी व्यापाऱ्याकडून उधारीने ठाणे घेतली. लेखी करार नव्हता. दोन्ही वह्यांतील आकडे मात्र जुळत. त्यांची वही हटवाणिका लिपीत असे.

दुसरा आधार शाळेचा. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 साली मुंबईत जयहिंद महाविद्यालय उभारले. पिंपरीतही जयहिंद हायस्कूल उभे राहिले. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, कामगारवस्ती वाढली, पेठेस गिऱ्हाईक लाभले. शाळेत व गल्लीत मराठी शिकलेली मुले गल्ल्यावर बसू लागली. वडील सिंधीत हिशेब सांगत, मुलगा मराठीत गिऱ्हाइकाशी बोले.

या यशाची किंमतही मोजावी लागली. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु माझ्या एका सिंधी स्नेह्याच्या नातवास आजोबांची वही वाचता येत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही मारवाड-गुजरातेतून येथे आले. आपल्या घरातील जुन्या वह्या किती मुलांना वाचता येतात? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरी विचारावा, ही नम्र विनंती.