चेंबूरची चमकती माशी आणि दीड शतकाचा घोळ

चेंबूरपर्यंत लोहमार्ग आला १९०६ साली; प्रवाशांसाठी तो खुला झाला १९२४ मध्ये. मुंबईचा कचरा मात्र प्रवाशांच्या आधीच रुळांवरून चेंबूरच्या खाजणात पोहोचत होता. पुढे १९२७ पासून देवनारची कचराभूमी आणि १९७१ पासून कत्तलखाना. जेथे मांस सडते, तेथे धातूसारखी चमकणारी निळी-हिरवी माशी येतेच. इंग्रजीत तिला ब्लो फ्लाय म्हणतात. ‘माशीने मांसावर अंडी घालणे’ हा ‘ब्लो’चा एक जुना अर्थ.

लिनियसने १७५८ मध्ये घरमाशी आणि या माश्या ‘मस्का’ या एकाच प्रजातीत कोंबल्या. आपल्याकडे सर्वत्र आढळणारी ‘मेगासेफाला’, म्हणजे मोठ्या डोक्याची, हिलाही फॅब्रिसियसने १७९४ मध्ये ‘मस्का’च म्हटले. १८३० मध्ये रोबिनो-देव्हॉइदी या फ्रेंच वैद्याने ‘क्रायसोमिया’ ही वेगळी प्रजाती मांडली. कुळाचे आजचे नाव कॅलिफोरिडी.

चकाकीवर विसंबू नये. घरमाशीच्या कुळातही हिरव्या माश्या आहेत. खरी खूण भिंगाखाली दिसते: छातीच्या बाजूस, मागच्या पायाच्या मुळाजरा वर, राठ केसांची एक रांग. घरमाशीला ती नसते. मांसमाशीला असते, पण ती करडी, पाठीवर तीन काळे पट्टे असलेली, आणि अंड्यांऐवजी जिवंत अळ्याच घालते.

हा काथ्याकूट कशासाठी? १९१४ मध्ये व्हिल्नव्ह याने एका माशीला इटालियन कीटकशास्त्रज्ञ बेझी याच्यावरून ‘बेझियाना’ हे नाव दिले. दिसायला ती मेगासेफालाची जुळी बहीण. पण मेगासेफालाच्या अळ्या सडलेल्यावर वाढतात, तर बेझियानाची मादी जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला अंडी घालते आणि अळ्या ताजे मांस पोखरत आत शिरतात. ‘गुराच्या जखमेत किडे पडले’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा अनेकदा हीच गुन्हेगार असते. माणसालाही ती सोडत नाही. उकिरड्यावरच्या माश्या मोजून हिचा माग लागत नाही.

१९४० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत या कुळाचा खंड आला. लेखक तिघे: सिनियर-व्हाइट, डॅफ्ने ऑबर्टिन आणि जॉन स्मार्ट. पैकी सिनियर-व्हाइट हे बंगाल-नागपूर रेल्वेचे हिवतापतज्ज्ञ! जुळ्या बहिणी ओळखायच्या तर पंखाच्या मुळाशी असलेला खालचा खवला पाहावा: मेगासेफालाचा गडद तपकिरी, बेझियानाचा मेणासारखा पांढरट. नर हाती लागला तर काम आणखी सोपे. मेगासेफाला नराच्या डोळ्यांतील वरचे कप्पे मोठे, खालचे बारीक, आणि दोहोंमध्ये आखल्यासारखी स्पष्ट रेघ.