अशांतींचे पितृदिन

पंचांग म्हणजे केवळ दिवसांची मोजदाद, असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु राज्य जाऊन राजा परदेशीं नेला गेला, म्हणजे राष्ट्राची स्मृति सांभाळण्याचें काम पुष्कळदां पंचांगावरच येऊन पडतें. आजच्या घाना देशांतील अकान लोकांपैकीं अशांतींचा इतिहास याची साक्ष देतो.

अकान लोकांत सात दिवसांचा व सहा दिवसांचा असे दोन आठवडे एकाच वेळीं चालतात. त्या दोहोंच्या मेळानें ४२ दिवसांचें एक चक्र पुरें होतें. या चक्रांत पितरांचे दिवस दोन; रविवारीं येणारा ‘अक्वासिदाए’ व त्यानंतर २४ दिवसांनीं बुधवारीं येणारा ‘आवुकुदाए’. त्या दिवशीं राजा आसनगृहांत जातो. तेथें दिवंगत राजांचीं, काळीं केलेलीं लांकडी आसनें ठेवलेलीं असतात. माणसाचा आत्मा त्याच्या आसनाशीं निगडित असतो, अशी श्रद्धा असल्यामुळें त्यांच्यापुढें कोनफळाच्या जातीचा उकडून कुसकरलेला कंद व मद्य अर्पण करतात. बाहेर ढोलांच्या बोलांतून पूर्वजांचीं नांवें व पराक्रम घुमत असतात.

सर्वांत श्रेष्ठ तें सुवर्णासन. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओकोम्फो आनोच्ये या पुरोहितानें तें आकाशांतून ओसेइ टुटु राजापुढें उतरविलें, अशी कथा आहे. त्यांत साऱ्या राष्ट्राचा आत्मा वसतो. म्हणून राजाही त्यावर बसत नाहीं.

१८९६ सालीं इंग्रजांनीं प्रेम्पे राजास कैद केलें व पुढें सेशेल्स बेटांत धाडलें. १९०० सालीं गव्हर्नर हॉज्सन यानें कुमासींत येऊन तें सुवर्णासन स्वतःस बसावयास मागितलें. तेव्हां एजिसूची राजमाता या आसान्तेवा हिच्या नेतृत्वाखालीं युद्ध पेटलें. अशांती हरले, राजमाता हद्दपार झाली. आसन मात्र हातीं लागलें नाहीं.

राजाविना कुमासीचा ‘ओद्विरा’ हा वार्षिक महोत्सव बंद पडला. परंतु गांवोगांवच्या सरदारांच्या आसनगृहांत ४२ दिवसांचें तें साधें चक्र फिरतच राहिलें. रॅट्रे या सरकारी मानववंशशास्त्रज्ञाच्या १९२३ सालच्या ग्रंथांत त्याचें सविस्तर वर्णन आढळतें. प्रेम्पे १९२४ सालीं परतला. १९३५ सालीं अशांतींचें राजपद पुन्हां मान्य झालें. तेव्हां राजास पितरांचे दिवस नव्यानें शोधावे लागले नाहींत. प्रजेनें ते मोजून ठेवले होते.