आप्पांचा बोटखर्च

आमचे मेहुणे यंदा दुसऱ्यांदा अंदमानला चालले आहेत. एकदा बघितलेला समुद्र पुन्हा बघायला पैसे मोजणारा माणूस आमच्या नात्यात हा पहिलाच. पण त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या खेपेला माणूस फसतो आणि दुसऱ्या खेपेला वसूल करतो. तिकीट किती महिने आधी काढावं, हॉटेलवाल्याला 'आम्ही मागल्या वेळचे' हे कोणत्या सुरात सांगावं, कोणतं बेट फुकट दिसतं आणि कोणत्या बेटाला उगाच पैसे पडतात, हे सगळं त्यांनी मला आमच्याच ओटीवर बसून, आमचाच चहा दोनदा घेऊन समजावलं. आणि जाताना म्हणाले, "भावोजी, तुम्हाला नाही कळायचं. रत्नागिरीत राहणाऱ्याला समुद्राची किंमत कुठून असणार?"

आता मी बी. कॉम. आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे. मला अक्कल नाही असं म्हटलं तर मी मान्य करीन (सौ. रोज म्हणते, मी रोज मान्य करतो), पण किंमत कळत नाही म्हणजे काय? मी त्याच रात्री माळ्यावर चढलो आणि आप्पांची वही काढली.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. मुंबईत कापडाच्या एका पेढीवर कारकून, बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, घर गोळपला. गोळप म्हणजे रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून पावसकडे जाताना लागतं ते. दर वर्षी मे महिन्यात हा गृहस्थ सहकुटुंब एकाच किनाऱ्याला, एकाच घरात, एकाच फणसाखाली जाऊन बसे आणि मिरगाच्या आत परत येई. १९३१ पासून १९६६ पर्यंत. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुट्टीला जाऊन पैसे कसे वाचवावेत या विषयावर बोलायचा अधिकार आमच्या मेहुण्यांना असेल तर आप्पांना डॉक्टरेटच द्यायला हवी होती. वही लाल कापडी बांधणीची, लांबट. अक्षर मोत्यासारखं, आकडे मात्र असे आवळून लिहिलेले, की वाटावं कागदाच्या जागेलाही भाडं पडत होतं.

आजच्या पोरांना सांगावं लागतं, की २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे अखेरपर्यंत सुरू झाली त्याच्या आधीही कोकण होतं आणि लोक तिथे जात असत. मुंबईहून रत्नागिरीला जायला जमिनीवरचा रस्ता म्हणजे आधी रेल्वेने पुणे, मिरज करीत कोल्हापूरला जायचं आणि तिथून मोटारीने आंबा घाट उतरायचा. म्हणजे पश्चिमेला जाण्यासाठी आधी देशावर पाहुणचार घेऊन यायचं. चाकरमान्याला ते परवडणारं नव्हतं. त्याचा रस्ता समुद्रातून. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, हर्णे, दाभोळ, जयगड करीत बोट रत्नागिरीला यायची आणि धक्क्याला न लागता लांब समुद्रातच उभी राहायची. मग पडाव येणार, लाटेबरोबर वरखाली होणार, आणि तो वर आला की खलाशी मुलांना झेलणार आणि बायकांना हात देणार. पावसाळ्यात सगळं बंद. जूनच्या तोंडाशी शेवटची बोट चुकली तर नोकरी तिकडे आणि माणूस इकडे.

या बोटी चालवणारी थोरली इंग्रजी कंपनी म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. पण कोकणात हे नाव उच्चारायला कुणाला सवड नव्हती, सगळे 'शेफर्ड' म्हणत. तिच्यासमोर स्वदेशीच्या वाऱ्यात आपल्या लोकांनी सहकारी कंपनी काढली. तिला 'माझी आगबोट कंपनी' असंच म्हणायचे. नाव असं, की तिकीट काढताना उधारी मागायचा धीर व्हावा! देशी बोटींना संतांची नावं. तेव्हा आपण बोटीत बसलो आहोत की दिंडीत, हे खालच्या डेकवरच्या गर्दीवरूनही कळत नसे.

दोन कंपन्या आल्या की भाड्याची चढाओढ आलीच. आम्हाला कॉलेजात 'स्पर्धा' हा धडा होता, पण त्यात खरी मजा कुणी सांगितली नाही. रवींद्रनाथ टागोरांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी १८८४ साली बंगालमध्ये खुलना ते बारिसाल अशी बोट सुरू केली. समोर इंग्रजांची फ्लोटिला कंपनी. भाडी उतरता उतरता अशी वेळ आली, की टागोरांच्या बोटीत उतारू फुकट जायचे आणि वर मिठाई खायचे. उतारूंचं पोट भरलं, कंपनीचं दिवाळं वाजलं. तिकडे तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी कंपनी काढून कोलंबोची बोट सुरू केली, तर इंग्रज कंपनीने भाडं पाडलं, मग फुकट न्यायची तयारी दाखवली, आणि फुकट येणाऱ्याला वर एक छत्री देऊ केली. पिळ्ळै १९०८ साली तुरुंगात गेले आणि पुढे त्यांची कंपनी मोडली. एक कॉमर्सवाला म्हणून माझा अनुभव असा, की गिऱ्हाइकाला कुणी छत्री देऊ लागलं की पाऊस जवळ आला समजावं.

आप्पांना छत्री कुणी दिली नाही. त्यांनी आपली सवलत आपणच काढली. पहिली गोष्ट, तिकीट डेकचं. आदल्या रात्रीच धक्क्यावर मुक्काम, दार उघडलं की थोरले काका वळकटी घेऊन धावणार आणि वरच्या डेकवर, इंजिनापासून लांब आणि वाऱ्याच्या बाजूला ती पसरून तिच्यावर आडवे पडणार. थोरल्या काकांची तब्येत पुढे आयुष्यभर चांगली राहिली ती या धावण्यामुळे, असं आमच्या घरी मानतात. दुसरी गोष्ट, हमाल नाही. प्रत्येकाला वयाप्रमाणे ओझं. माझे वडील दोन वर्षांचे असताना त्यांच्याकडे पंचपात्री होती. तिसरी, खाणं घरचं: दशम्या, लसणीची चटणी, आणि बोट लागू नये म्हणून वाळवलेला आवळा. बाहेरचा चहा नाही. चहा हे आप्पांच्या मते घरात बसून करायचं व्यसन होतं. १९४७ पर्यंतच्या वहीत बाहेरच्या चहाची एकही नोंद नाही, हे मी ऑडिटच्या शपथेवर सांगतो.

चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. माझी आत्या १९४५, १९४६ आणि १९४७ अशी लागोपाठ तीन वर्षं अकरा वर्षांची होती. 'बेबी, अर्धं तिकीट.' आत्याचा जन्म १९३४ चा. आप्पा देवभोळे, सचोटीचे, पेढीवरची टाचणीही घरी न आणणारे. पण कंपनीच्या तिकीटखिडकीसमोर मुलीचं वय वाढवणं त्यांच्या जिवावर येई.

बोटीने रत्नागिरीला आलेला आणि स्वतःच्या खिशातून एक पैही भाडं न भरलेला माणूस मला एकच ठाऊक आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ च्या एप्रिलात मद्रासहून बोटीत घालून त्याला इथे आणून ठेवलं. जागा सरकारी, समोर समुद्र, १९१० साली तर नवा कोरा वाडा. इतकं असून त्याचा खर्च कधी भागला नाही. बरोबर आणलेली रत्नं विकत राहिला आणि सरकारकडे भत्ता वाढवून मागत राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. परतीचं तिकीट त्याला कुणी काढून दिलं नव्हतं. आप्पा परतीचे पैसे जातानाच वेगळे काढून कमरेला बांधत.

असो. तर मेहुण्यांना गप्प करायला मी वहीतून वर्षवार तक्ता करायला घेतला. आकडे कसे छान उतरत्या भाजणीने लागत होते! आणि १९४८ ला घोटाळा झाला. पडाव दोनदा. भाट्याची तर दोनदा. बैलगाडी दोनदा. मी आधी म्हटलं, दुबार नोंद झाली असेल. मे महिन्याच्या उन्हात कारकुनाचं असं होतं. पण १९४९ लाही तेच. १९५० लाही. शिवाय बेबीला एकदम पूर्ण तिकीट! सतरा वर्षं पै-पै वाचवलेला माणूस अचानक दुप्पट खर्च करू लागला, म्हणजे आमच्या खात्यात त्याला सरळ 'संशयास्पद' असा शेरा मिळतो. नीट पाहिलं तेव्हा कळलं, की नोंदी दोन वेगवेगळ्या तारखांच्या आहेत. आप्पा आणि थोरले काका एका बोटीने, आणि चार दिवसांनी आजी, आत्या आणि माझे वडील दुसऱ्या बोटीने, सोबतीला आजीचा भाऊ. त्या भावाचं तिकीटही आप्पांच्याच खात्यात. मेव्हण्याचं तिकीट स्वखुशीने काढणारा माणूस! मला आप्पांबद्दल काळजीच वाटू लागली.

आत्या आता नव्वदी ओलांडून बसली आहे, इथेच, खालच्या आळीत. कान गेले आहेत, बाकी सगळं जागेवर आहे. वही घेऊन गेलो आणि ओरडून विचारलं, "आत्या, अठ्ठेचाळीस साली आप्पांचं आणि आजीचं काही बिनसलं होतं काय गं?"

"कशानं?"

"वेगवेगळ्या बोटीनं आलात ते."

तिने वही हातात घेतली, उलटी होती ती सुलटी केली, आणि म्हणाली, "अरे, रामदास बुडाली ना."

१७ जुलै १९४७. 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळ्यात आमची लांबची बोट बंद, पण रेवसची चाले. दुसऱ्या दिवशी अवस, गटारी म्हणून घरी निघालेले, बाजार करून परतणारे, रोजचे जाणारे-येणारे. मुंबई बंदराच्या तोंडाशीच काशाच्या खडकाजवळ लाट आली, बोट कलली, माणसं एका बाजूला गेली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पोहत आलेले लोक किनाऱ्याला लागले तेव्हा कुठे मुंबईला कळलं. तोवर दुपार उलटून गेली होती. जिथून सगळी मुंबई दिसते अशा पाण्यात!

याआधी बोटी बुडाल्या नव्हत्या असं नाही. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' अशा दोन गेल्या होत्या, आणि ते ठाऊक असूनही आप्पा १९३१ पासून बोटीने जातच होते. दुसरा रस्ता नव्हता. पण 'रामदास'मध्ये आमच्या चाळीतलं एक पूर्ण बिऱ्हाड होतं. नवरा, बायको, तीन मुलं. आत्या म्हणाली, "खोलीला कुलूप तसंच. किल्ली त्यांच्याबरोबर गेलेली. मालकानं शेवटी कुलूप फोडलं, तर आत चुलीवर दूध झाकून ठेवलेलं. नासलेलं. आप्पा तिथेच उभे होते."

"मग?"

"मग काय? काही बोलले नाहीत. पुढल्या मेच्या आधी आईला म्हणाले, आपण दोन बोटींनी जाऊ. आईनं विचारलं, खर्च? तर म्हणाले, मी बघतो."

"आणि तुझं पूर्ण तिकीट?"

"ते मी पण विचारलं होतं. मला अकराचीच राहायची सवय झालेली. तर म्हणाले, बेबी, मोजणीत पूर्ण असलेलं बरं."

मी वही घेऊन घरी आलो. तक्ता अर्धाच राहिला होता, तो पुरा करायला बसलो. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले तरी आप्पा आणखी वर्षभर आणेच लिहीत राहिले, त्यामुळे बेरजा जुळवताना माझी तारांबळ उडाली. मेहुण्यांचा फोन आला. अंदमानच्या तिकिटात चौघांमागे चांगली सवलत मिळते आहे, आणि एकाच विमानात शेजारी शेजारी जागा मिळाल्या आहेत, म्हणत होते. मी "वा!" म्हटलं.

मग १९४८ चं पान पुन्हा उघडलं. मघाशी एक नोंद मी किरकोळ म्हणून सोडून दिली होती. दुसऱ्या बोटीच्या तारखेखाली, पडाव आणि तर यांच्या वर, बारीक अक्षरात: 'बंदरावर चहा, कप १.' १९४९ ला कप २. १९५० ला पुन्हा २. आप्पा गोळपहून खाडी ओलांडून बंदरावर येऊन बोटीची वाट बघत बसत असणार.

१९५१ ला बोटीला उशीर झाला असावा. कप ५.