रडणारे मूल आणि खाजगी गुप्तहेर : एका अमेरिकन नभोनाट्याचा साधनविचार

नभोनाट्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचे मुख्य साधन म्हणजे ध्वनी. आणि झपाटलेल्या घराचा तपास करणाऱ्या नभोनाट्यातील गुप्तहेराचेही साधन तेच. 'आय लव्ह अ मिस्टरी' या मालिकेतील 'द थिंग दॅट क्राइज इन द नाइट' हे कथानक या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

कार्लटन मोर्स यांची ही मालिका जानेवारी १९३९ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरू झाली व १९४४ च्या अखेरीस थांबली. पुढे १९४९ ते १९५२ या काळात म्युच्युअल या प्रसारणसंस्थेने बहुतांशी जुन्याच संहिता नव्या नटांकडून सादर करविल्या. प्रस्तुत कथानक ३१ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर १९४९ या काळात, पाव पाव तासाच्या पंधरा भागांत प्रसृत झाले.

मार्टिन कुटुंबाच्या वाड्यात कित्येक वर्षांत तान्हे मूल नाही. तरी रात्री मुलाचे रडणे ऐकू येते आणि पाठोपाठ काही तरी अरिष्ट कोसळते. जॅक पॅकार्ड व त्याचे दोघे साथीदार या घरात येतात. रंगभूमीवर रिकामा पाळणा प्रेक्षकाला दाखविता आला असता. येथे मात्र जॅकची पावले, दाराची करकर आणि ते रडणे ही तिन्ही श्रोत्याच्या कानी सारख्याच अधिकाराने येतात. खोली रिकामी आहे, हे कोणी तरी शब्दांत सांगितल्यावाचून ती रिकामी होत नाही. जॅकचा कोरडा, भुताखेतांवर विश्वास न ठेवणारा स्वर हा म्हणूनच केवळ स्वभावविशेष नव्हे. ती या माध्यमाची गरज आहे. शेरलॉक होम्सही १९२४ च्या 'ससेक्स व्हँपायर' कथेत पिशाचकल्पना आरंभीच बाजूस सारतो. पण तेथे वाचकाला मागचे पान पुन्हा उलटून पाहता येते. श्रोत्याला ती सोय नसे. (नभोवाणीवरचे तान्ह्याचे रडणे पुष्कळदा प्रौढ नटीच काढीत असत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.)

आता साधनांचा प्रश्न. १९३९ ते १९४४ मधील प्रसारणांपैकी फारच थोडी ध्वनिमुद्रित स्वरूपात उरली आहेत. १९४९ चे हे पंधरा भाग मात्र सलग ऐकावयास मिळतात. परिणामी युद्धपूर्व नभोवाणीतील भयरसाचे वर्णन करताना याच ध्वनिमुद्रणांचा आधार घेण्याचा मोह होतो. तो प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाही. संहिता जुनी असली तरी तीवरून संवाद तेवढे कळतात. ते रडणे किती दुरून येई, त्यानंतर किती क्षण स्तब्धता ठेवली जाई, हे कळत नाही. आरंभी जॅकची भूमिका मायकेल रॅफेटो करीत. १९४९ मध्ये ती रसेल थॉर्सन यांच्याकडे होती. ज्या आवाजाच्या भरवशावर श्रोता त्या अंधाऱ्या खोलीत शिरे, तो आवाजच मधल्या दहा वर्षांत बदललेला होता.