लाफिंग गॅस ते नॉस: एका बारीक भोकाचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया थोड्या आहेत आणि एक गॅस आहे. लाल बटण दाबलं की गाडी रॉकेटसारखी पळते, असं रील्समध्ये दिसतं ना? तोच, नायट्रस ऑक्साइड. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, मेकॅनिक नाही. पण या गॅसचा अडीचशे वर्षांचा इतिहास वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: मात्रा किती? दवाखाना असो, विमान असो की रेसची गाडी, सगळा खेळ या प्रश्नावर येऊन थांबतो.

सुरुवात १७७२ पासून. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीने हा वायू पहिल्यांदा तयार केला. पुढे १७९९ मध्ये ब्रिस्टलच्या एका संस्थेत हम्फ्री डेव्ही नावाचा पोरगा त्यावर प्रयोग करू लागला. वय फक्त वीस! हो, आपल्याकडे बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असतात त्या वयाचा. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने या संस्थेसाठी उपकरणं आखून दिली होती. डेव्ही रेशमी पिशवीतून गॅस स्वतः ओढायचा, मित्रांना द्यायचा, आणि किती घेतल्यावर काय झालं ते लिहून ठेवायचा. १८०० मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक काढलं. हा वायू वेदना कमी करतो, शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल, असं त्यात लिहिलंय. पण पुढची चार दशकं लोकांनी तो मुख्यतः करमणुकीसाठी वापरला.

डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्सने हा गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही. पुढच्या महिन्यात तो बोस्टनला डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक द्यायला गेला, आणि तिथे रुग्ण कण्हला. गॅसची पिशवी लवकर काढली गेली, असं वेल्सचं म्हणणं होतं. म्हणजे गॅस बरोबर, मात्रा चुकली. बिचाऱ्याचं भर सभेत हसं झालं.

आता थेट दुसऱ्या महायुद्धात येऊ. दहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीजवळच्या साधारण एक तृतीयांश असते. इंजिनाला पेट्रोल जाळायला ऑक्सिजन पुरत नाही. जर्मनांनी यावर जीएम-१ नावाची यंत्रणा काढली: टाकीत द्रवरूप नायट्रस ठेवायचं आणि उंचावर गेलं की इंजिनात सोडायचं. मेसरश्मिट १०९ आणि युंकर्स ८८ च्या काही आवृत्त्यांत ती होती. उत्तर म्हणून ब्रिटिशांनीही आपल्या काही मॉस्किटो विमानांत नायट्रस बसवलं.

हे चालतं कसं, ते इथेच समजून घेऊ. नायट्रस हे इंधन नाही. ते स्वतः पेटत नाही. सिलिंडरमधल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने बघाल तर हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय द्रवाची वाफ होताना आत येणारी हवा थंड होते, म्हणजे आणखी दाट. पण लक्षात घ्या, जास्तीचा ऑक्सिजन दिलात की जास्तीचं पेट्रोलही द्यावंच लागतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नायट्रस मात्र साडेनऊ किलोच्या आसपास पुरतं. प्रत्यक्षात इंजिन वाचवायला पेट्रोल हिशोबापेक्षा बरंच जास्त ठेवतात.

युद्धानंतर अमेरिकेतल्या रेसवाल्यांनी हे तंत्र उचललं, तेही गुपचूप. १९७६ च्या डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत ए. जे. फॉयट आणि डॅरेल वॉल्ट्रिप या बड्या ड्रायव्हर्सच्या वेळा नायट्रसच्या कारणावरून रद्द झाल्या. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी सुरू झाली. आपण ज्याला ‘नॉस’ म्हणतो ते हिचं नाव, गॅसचं नाही! लपवून करायची गोष्ट आता खोक्यात मिळू लागली. आणि त्या खोक्यात असायचे जेट.

ज्यांच्या घरी जुनी आरएक्स १०० आहे त्यांना जेट माहीत असेल. मधोमध भोक असलेला धातूचा छोटा तुकडा. नायट्रसच्या ‘वेट’ सिस्टिममध्ये असे दोन लागतात: एक गॅसचा, एक पेट्रोलचा. सहसा जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. ३६ नंबरचा जेट म्हणजे ०.०३६ इंच, एक मिलिमीटरही नाही.

आता खरी गोम ऐका. प्रवाह व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. म्हणजे व्यासाच्या वर्गावर. ४० चा जेट काढून ४४ चा लावला तर वाटतं दहा टक्के वाढ झाली. प्रत्यक्षात २१ टक्के. ३६ वरून ५२ वर गेलात तर दुपटीहून जास्त. आणि पेट्रोलचा जेट तोच राहिला, तर तो सगळा वाढीव ऑक्सिजन इंधनाविना आत जातो. मिश्रण ‘लीन’ होतं, तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. यासाठी काही सेकंद पुरतात. म्हणून जेट नेहमी उत्पादकाच्या तक्त्यातल्या जोडीनेच बदलतात. सुरुवात सगळ्यात लहान जोडीने करतात, आणि प्रत्येक रननंतर स्पार्क प्लग काढून तपासतात. ताकद वाढली की ज्वलन लवकर पुरं होतं, म्हणून इग्निशन थोडं मागे घेतात. गॅस फक्त पूर्ण थ्रॉटलवर आणि ठरावीक आरपीएमच्या वरच सोडतात. कारण गॅसचा प्रवाह दर सेकंदाला तेवढाच. इंजिन हळू फिरत असेल तर प्रत्येक स्ट्रोकच्या वाट्याला जास्त येतो.

आणखी एक भानगड: बाटलीतला दाब. तक्ते साधारण ९०० ते १००० पीएसआय गृहीत धरतात. २० अंशांना दाब सुमारे ७३५ पीएसआय असतो, ३० अंशांना सुमारे ९१५. म्हणजे जेट तोच, पण सकाळचा आणि दुपारचा हिशोब वेगळा. ३६.४ अंशांच्या वर तर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. आता मे महिन्यातल्या नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीचा विचार करा. परदेशी व्हिडिओ बघून निवडलेला जेट तिथे काय कामाचा?

हे सगळं सांगायचं कारण २००१ चा ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’. त्या सिनेमाने नायट्रस घराघरात नेलं, पण बटण दाखवलं, जेट नाही दाखवले. आपल्या पिढीला या गोष्टीचा अर्धाच भाग मिळाला. आणि तो अर्धा भाग घेऊन कोणी रस्त्यावर उतरला, तर पिस्टन ही सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. तसंही भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. गाडीसाठीच्या नायट्रसमध्ये कोणी ते ओढू नये म्हणून सहसा सल्फर डायऑक्साइड मिसळलेलं असतं, तेव्हा तो विचारही नको.

ज्यांना खरंच यात उतरायचंय त्यांच्यासाठी ट्रॅक आहेत, जाणकार ट्यूनर आहेत. त्यांच्याकडे गेलात की ‘किती पॉवर वाढेल’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘पेट्रोलचा जेट कुठला लावणार?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर चावी खिशात ठेवा आणि घरी या.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!